नाव खेळाडूचं, नंबर कंपनीचा

ऑनलाइन खेळांच्या दुनियेत एक मत फार ठामपणे मांडलं जातं. जो खेळाडू आपलं खेळातलं नाव बदलतो त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं, एकदा घेतलं ते नाव निभवावं, आणि बदलायचंच असेल तर पैसे मोजावेत, म्हणजे उठसूट बदलणाऱ्यांना चाप बसेल. स्पर्धा भरवणारे हे म्हणतात, सर्व्हर चालवणारे म्हणतात, आणि मुलांच्या खेळण्याकडे आधीपासून संशयानं पाहणारे पालकही म्हणतात. ऐकायला ते नीतीचं वाटतं. पण ते चूक आहे, आणि त्या चुकीचा भुर्दंड नेमका ज्यांना बसू नये त्यांनाच बसतो. म्हणून हे सविस्तर उत्तर.

आरोपातला खरा भाग आधी मान्य करते. ऑनलाइन खेळात लबाडी चालते. हॅक लावून भिंतीपलीकडचा शत्रू पाहणारे आहेत, देवघेवीत वस्तू घेऊन पसार होणारे आहेत, माइकवरून आईबहिणीवर घसरणारे तर लॉबीलॉबीत आहेत. अशा माणसाची ओळख पटली पाहिजे आणि त्याची शिक्षा त्याच्या मागोमाग गेली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच, की ती त्याच्या मागे जाते कशाच्या आधारावर? नावाच्या आधारावर, असं समजणाऱ्यांनी खेळाच्या पोटात कधी डोकावलेलं नसतं.

माइनक्राफ्ट घ्या, कारण त्यातलं सगळं कोणालाही स्वतः उघडून बघता येतं. जो स्वतःचा सर्व्हर चालवतो त्याच्या संगणकावर बंदी घातलेल्या खेळाडूंची एक फाइल असते. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक खेळाडूपुढे सहा नोंदी: यूयूआयडी, म्हणजे बत्तीस अंक-अक्षरांची ओळखखूण, मग नाव, बंदी कधी घातली, कोणी घातली, कधी उठणार, आणि कारण. पूर्वी सर्व्हर नावावरच विसंबून असत, त्यामुळे नाव बदलू देणं शक्यच नव्हतं. २०१४ मध्ये सर्व्हर यूयूआयडीवर आले आणि २०१५ च्या फेब्रुवारीपासून नाव बदलायची मुभा मिळाली. पैसे नाहीत, फक्त एकदा बदललं की तीस दिवस थांबायचं. बंदी असलेला खेळाडू नवं नाव घेऊन आला तरी सर्व्हर त्याला आत घेत नाही, कारण तपासणी नावाची होतच नाही.

पुढची गोष्ट तर आरोप करणाऱ्यांनी मुद्दाम करून बघावी. ज्या सर्व्हरवर तुम्ही आधी खेळला आहात तिथे नव्या नावानं शिरलात, की सगळ्यांच्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत एक ओळ उमटते: अमुक, पूर्वीचं नाव तमुक, खेळात दाखल. ज्या सर्व्हरवर तुम्ही कधी पाऊलच टाकलं नव्हतं तिथे ही ओळ येत नाही, तिथे तुम्ही नवेच असता. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. जुन्या नावानं ज्यांनी तुम्हाला ओळखलं त्यांना आपोआप कळतं, ज्यांचा त्या नावाशी संबंध नाही त्यांना कळत नाही. लपवाछपवी राहिली कुठे?

याच खेळात बरीच वर्षं कोणाचीही आजवरची सगळी नावं कोणालाही मागून घेता येत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती सोय बंद झाली आणि आता लबाड मोकाट सुटणार अशी ओरड उठली. वास्तविक यूयूआयडी जागच्या जागी होता. सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातातलं एकही हत्यार गेलं नव्हतं. गेलं ते तिसऱ्याच कोणाचं. एखाद्या मुलानं दहाव्या वर्षी घेतलेलं नाव उकरून पंधराव्या वर्षी त्याची टिंगल करणाऱ्याचं गेलं. एखाद्या मुलीनं टाकून दिलेल्या नावावरून तिच्या नव्या नावापर्यंत पोचू पाहणाऱ्याचं गेलं. त्याच्यासाठी मला हळहळ वाटत नाही.

संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमवर तर दिसणारं नाव हवं तेव्हा बदला, कोणी अडवत नाही. प्रत्येक खात्याला सतरा आकडी क्रमांक असतो आणि तो जन्मभर तोच राहतो. हॅक वापरल्याबद्दल लागलेली बंदी त्या खात्यालाच चिकटून राहते, वरची पाटी कितीही वेळा बदलली तरी. नाव बदललं की जबाबदारी सुटते, हे म्हणणं तांत्रिकदृष्ट्याच टिकत नाही.

आता पैशांचा मुद्दा. शुल्क लावलं की चाप बसतो म्हणतात. कोणाला बसतो, हे तरी पाहा. बीजीएमआय हा मोबाइलवरचा खेळ खेळायला फुकट आहे. हॅक लावताना पकडला गेलेला खेळाडू नाव बदलायच्या रीनेम कार्डासाठी यूसी, म्हणजे खेळातलं चलन, खर्च करत बसत नाही. तो नवा आयडी काढून पुन्हा लॉबीत शिरायला बघतो. जुन्या आयडीत त्यानं काही घातलेलंच नसतं, मग तो टाकताना त्याला कसलं वाईट वाटणार? नाव बदलायला पैसे मोजतो तो दुसराच माणूस. त्या आयडीवर त्याची वर्षानुवर्षांची रँक असते, सणासुदीला मिळालेल्या पैशांतून घेतलेले पोशाख असतात, मित्रांची यादी असते, आणि हे सगळं सोडून जायची त्याची तयारी नसते. म्हणजे जो प्रामाणिकपणे टिकून राहिला त्याच्याकडून दंड घ्यायचा आणि जो पळाला त्याला मोकळं सोडायचं. याला शिस्त म्हणत नाहीत, वसुली म्हणतात.

सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. २००६ साली ते सुरू झालं आणि एप्रिल २०१९ पर्यंत त्यावर ऑनलाइन आयडी बदलण्याची सोयच नव्हती. पंधराव्या वर्षी मस्करीत घेतलेलं नाव सत्ताविसाव्या वर्षीही मिरवायचं, नाहीतर विकत घेतलेले खेळ आणि कमावलेल्या ट्रॉफ्या मागे टाकून नवं खातं उघडायचं, एवढेच दोन मार्ग. अखेर सोय आली तेव्हा काही जुन्या खेळांत जमवलेली प्रगती किंवा घेतलेल्या वस्तू हरवू शकतील, असा इशारा कंपनीनंच सोबत दिला. त्या खेळांच्या बांधणीत नाव हीच खेळाडूची खूण धरली गेली होती, म्हणून ही वेळ आली. आणि पहिला बदल फुकट असला तरी पुढच्या प्रत्येक बदलाला ९.९९ डॉलर, वर्गणीदार असाल तर ४.९९. बांधणारे चुकले आणि बिल खेळाडूच्या हाती आलं. लीग ऑफ लेजंड्समध्येही नाव बदलायला १३०० आरपी, म्हणजे विकत घेतलेलं चलन, नाहीतर खेळून कमावलेलं चलन मोजावं लागे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे रायट आयडी आले, नावामागे एक छोटा टॅग जोडला गेला, दोन बदलांमध्ये सक्तीचं अंतर आलं आणि पैसे घेणं थांबलं. तो खेळ काही त्यामुळे बुडाला नाही. जे एका कंपनीला जमतं ते बाकीच्यांना का जमू नये?

आता ज्यांच्यावर संशय घेतला जातो त्या माणसांकडे या.

आमच्या शेजारची मुलगी अकरावीत आहे. मोबाइलवरचा एक शूटिंगचा खेळ खेळते आणि लांबून नेम धरण्यात स्क्वॉडमध्ये तिचा हात कोणी धरत नाही. खेळात तिनं स्वतःचं पहिलं नाव घेतलं होतं, मागे ‘क्वीन’. मैत्रिणींबरोबर खेळताना काही त्रास नव्हता. पण रँडम स्क्वॉडमध्ये पडली, की विमानातून उडी मारायच्या आधीच सुरू: मुलगी आहेस का, माइक चालू कर, कुठली आहेस. माइक चालू केला नाही तर शिव्या, केला तर त्याहून घाण. एकदा मागे लागलेल्या एकानं सामना संपल्यावर तेच नाव दुसऱ्या एका ॲपवर टाकून तिला शोधून काढलं आणि तिच्या कॉलेजचं नाव तिलाच लिहून पाठवलं. त्याच रात्री तिनं नाव बदलायचं ठरवलं. त्यासाठी खेळातलं चलन लागणार होतं. ते घ्यायचं तर वडिलांच्या यूपीआयवरून पैसे, म्हणजे वडिलांना कारण सांगणं आलं, म्हणजे फोनच काढून घेतला जाण्याची भीती. ती गप्प बसली. सणाच्या ओवाळणीतून पैसे जमेपर्यंत तिनं खेळणंच बंद ठेवलं. आज तिचं नाव असं आहे की त्यावरून मुलगा की मुलगी, हिंदू की मुसलमान, पुण्याची की परभणीची, काही म्हणता काही ओळखू येत नाही. माइक बंद, नेम पहिल्यासारखाच अचूक.

ही मुलगी काय लपवते आहे? जे लपवायचा तिला पूर्ण हक्क आहे ते. त्या काळात तिला चाप बसला, तिच्या मागे लागलेल्याला बसला नाही. त्याचं नाव मात्र पहिल्यापासून तेच आहे. तुमच्या कसोटीनं तो सज्जन ठरतो.

आडनाव लावून खेळणाऱ्यांचंही असंच. समोरच्याचं आडनाव ऐकल्याबरोबर जात हुडकायची आपली सवय फोनवर खेळताना सुटत नाही. उलट चेहरा दिसत नसल्यामुळे तिला जोर चढतो. माइकवर जातीवरून बोलणं ऐकलेल्या मुलानं आडनाव काढून टाकलं तर त्यानं काय पाप केलं? आणि ज्यांनी आपली लिंगओळख नव्यानं स्वीकारली आहे त्यांना घरचं जुनं नाव दर सामन्याला डोक्यावर घेऊन फिरायला लावणं हा निव्वळ छळ आहे.

कारण दरवेळी इतकं दुखरं असावं असंही नाही. २०१९ पासून एक्सबॉक्सवर देवनागरीतही गेमरटॅग घेता येतो. रोमन अक्षरांत नाव कोंबताना ज्याच्या बाळूचा बालू झाला होता, त्याला आता ते नीट लिहावंसं वाटलं तर ते कारण पुरेसं आहे. बाराव्या वर्षी भारी वाटलेलं ‘किलर’ विसाव्या वर्षी पोरकट वाटलं, हेही पुरेसं आहे. मोठं होणं हा काही संशय घेण्यासारखा प्रकार नाही.

आणि नाव बदललं म्हणजे फसवणूक, हे मराठी माणसानं तरी म्हणू नये. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. खानोलकर कवितेपुरते आरती प्रभू झाले, माणिक गोडघाटे ग्रेस झाले, जयवंत दळवींनी ठणठणपाळ होऊन साहित्यिकांची फिरकी घेतली. मजकुराची जबाबदारी कोणाची हे छापणाऱ्याला ठाऊक होतं, तेवढं पुरत होतं. याच समाजात लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून मुलीचं जन्माचं नाव पुसून टाकायची रीत घरोघरी होती, अजून कुठे कुठे आहे. ही काय लपवते आहे, असं तेव्हा कोणी विचारलं नाही. दुसऱ्यांनी बदललेलं नाव मंगल आणि तिनं आपल्या मर्जीनं बदललेलं संशयास्पद, हा न्याय मला मान्य नाही. त्याच नवरीचं पॅन कार्ड पाहा. पॅनच्या दहा चिन्हांतलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नानंतर तिनं आडनाव बदललं तर कार्डावर नवं नाव छापून येतं, पण पॅन तोच राहतो, पाचवं अक्षरही माहेरच्या आडनावाचंच राहतं. आयकर खात्याचं त्यामुळे काही अडत नाही, कारण हिशेब नंबराशी बांधलेला आहे. जे प्राप्तिकराला चालतं ते एका खेळाला चालू नये?

मग सरळ खरं नावच सक्तीचं करा, असा पुढचा डाव असतो. हा डाव खेळून झालेला आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट काढणाऱ्या ब्लिझार्डनं ६ जुलै २०१० रोजी जाहीर केलं, की यापुढे त्यांच्या चर्चेच्या पानांवर खेळाडूंना खऱ्या नावानंच लिहावं लागेल. हेतू तोच, शिवीगाळ थांबावी. यात घाबरण्यासारखं काही नाही हे दाखवायला त्यांच्याच एका कर्मचाऱ्यानं आपलं खरं नाव लिहिलं, आणि बघता बघता लोकांनी त्याची खाजगी माहिती खणून सगळीकडे पसरवली. ९ जुलैला कंपनीनं निर्णय मागे घेतला.

दक्षिण कोरियानं तर कायदाच केला होता. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवून देणं सक्तीचं झालं. त्यासाठी कंपन्यांकडे लोकांच्या माहितीचे ढीग साठले. २०११ च्या जुलैमध्ये नेट आणि सायवर्ल्ड या दोन सेवांवर हल्ला होऊन साडेतीन कोटींच्या आसपास खात्यांची माहिती चोरीला गेली, तीही जेमतेम पाच कोटी वस्तीच्या देशात. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं तो कायदा एकमतानं रद्द केला. आपल्याकडे आधार जोडा म्हणून आग्रह धरणाऱ्यांनी ही दोन प्रकरणं नजरेआड करू नयेत.

एक आक्षेप मात्र मी गंभीर मानते. नाव बदलल्यावर जुनं नाव मोकळं होतं आणि ते दुसराच कोणी उचलू शकतो. मुंबईचा गेमर आदित्य सावंत डायनॅमो म्हणून देशभर ओळखला जातो. असं कमावलेलं नाव चुकून सुटलं आणि कोणा भामट्याच्या हाती पडलं, तर तो त्या नावावर पोरांकडून पैसे उकळू शकतो. ही भीती खरी आहे. माइनक्राफ्टमध्ये सोडलेलं नाव सदतीस दिवस राखून ठेवतात आणि मग खुलं करतात; छोटी, देखणी नावं कधी सुटतात यावर टपून बसलेले लोक आहेत. पण इथे दोष नाव बदलण्याचा नाही, जुनं नाव पुन्हा वाटण्याचा आहे. रोब्लॉक्स सोडलेलं युजरनेम दुसऱ्या कोणाला देत नाही, आणि ते बरोबर आहे. तिथलं चूक आहे ते वेगळं: लहान मुलांचा एवढा मोठा वावर असूनही युजरनेम बदलायला १००० रोबक्स मागायचे, आणि वर जुनं नाव प्रोफाइलवर सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. जे नाव धोक्याचं होतं म्हणून टाकलं तेच पाटीवर टांगून ठेवलं, तर बदलून मिळालं काय?

मित्रांचा गोंधळ उडतो, हा आक्षेप मात्र विचारात घेण्यासारखाही नाही. मित्राला सांगता येतं, आणि तो यादीतून कुठे जातही नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांना एवढंच सांगते: तुमच्या नोंदणीच्या अर्जात इन-गेम नावाशेजारी कॅरेक्टर आयडीचा रकाना असतो. तो भरून घ्या आणि कस्टम रूममध्ये तोच तपासा. नाव जुळलं नाही म्हणून संघ बाद करणारा नियम आळसातून आला आहे. दोन चौकटी ताडून बघायचे कष्ट वाचवायला चार पोरांची महिनाभराची मेहनत पाण्यात घालू नका.

कंपन्यांकडून अपेक्षा आहे ती अवघड नाही. महिन्यातून एकदा नाव फुकट बदलू द्या. बंदी, तक्रारी, इशारे सगळं आतल्या नंबराला जोडा. सोडलेलं नाव कायमचं गोठवा आणि खेळाडूनं स्वतः दाखवल्याशिवाय कोणाला दाखवू नका. मित्रयादीतल्यांना हवं तर कळवा. पैसे कमवायला पोशाख आहेत, बंदुकांचे रंग आहेत, नाचाच्या लकबी आहेत. त्यांचे भाव तुम्ही लावा, मी बोलणार नाही.

मुलांच्या बाबतीत तीस दिवसांचं अंतरही मला मान्य नाही. दहा वर्षांचं पोर पहिल्यांदा खातं उघडतं तेव्हा नावाच्या रकान्यात काय लिहितं ते एकदा शेजारी बसून पाहा. स्वतःचं नाव, ते आधीच कोणी घेतलेलं असतं म्हणून पुढे जन्मसाल, तेही घेतलेलं असतं म्हणून पुढे गावाचं नाव किंवा शाळेची आद्याक्षरं. चार मिनिटांत त्यानं अनोळखी माणसांना आपलं वय, गाव आणि शाळा सांगून टाकलेली असते, आणि ती पाटी प्रत्येक सामन्यात त्याच्या डोक्यावर तरंगत राहते. असं नाव घेऊच न देण्याची जबाबदारी खेळ बांधणाऱ्यांची आहे. ती त्यांनी पाळली नसेल आणि महिन्यांनी त्याच्या आईच्या हे लक्षात आलं, तर तिच्यापुढे हिऱ्यांचं आणि नाण्यांचं दुकान उघडायचं नाही. तिनं कळवलं त्याच दिवशी, एक पैसा न घेता, ते नाव बदलून द्यायचं.